इंटरफेरॉनची हकीगत



आपल्या घरांतून हल्ली 'जीन' हा शब्द सर्रास ऐकू येतो. नातू गणितात हुशार निघाला की आजोबांचा जीन, नात हट्टी निघाली की सुनेच्या माहेरचा जीन! मराठीत यालाच 'जनुक' असा सुटसुटीत शब्द आहे. परंतु जनुक म्हणजे केवळ नाक, डोळे आणि स्वभाव यांचा वारसा, ही जी समजूत आपल्यात रुजली आहे ती फार अपुरी आहे. आपल्या पेशींत प्रथिने घडवणारी वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी रात्रंदिवस अशी कामे करीत असतात की दुखणे आल्याखेरीज त्यांची आठवणही आपल्याला होत नाही.

अशाच एका जनुकाची हकीगत मी आज सांगणार आहे. ते आपल्या नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. ते आकाराने लहान, आणि त्याच्या हुकुमावरून तयार होणारे प्रथिनही अवघ्या 166 कड्यांचे. त्या प्रथिनाचे नाव बीटा इंटरफेरॉन. या हकीगतीचा आरंभ लंडनमध्ये झाला. पण तिचे महत्त्वाचे प्रकरण घडले ते रेहोवोत आणि नेस त्सिओना येथे, म्हणजे आपल्या लोद-रामलेकडच्या मंडळींच्या अगदी शेजारी. शिवाय ज्या ब्रीत मिलाची चाल आपल्या पूर्वजांनी कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके सोडली नाही, तिचाही या इतिहासाशी संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रथम हे प्रथिन काय करते ते सांगते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचे कुलाबा जिल्ह्यातले एखादे खेडे डोळ्यांपुढे आणा. शाकारलेली घरे एकमेकांना लागून उभी आहेत. रात्री एका घराला आग लागली. घरमालकाला कळून चुकते की आपले छप्पर आता वाचत नाही. तरी तो अंगणात येऊन जिवाच्या आकांताने बोंब ठोकतो. ती ऐकून शेजारी जागे होतात, विहिरीवर धावतात, आपापली छपरे भिजवून ठेवतात, आणि आग तेथेच अडते. विषाणू शिरलेली पेशी नेमके हेच करते. विषाणू आत आल्याची खूण पटली की इतर वेळी निजलेले हे जनुक जागे होते, इंटरफेरॉन तयार होते आणि पेशीबाहेर सोडले जाते. शेजारच्या पेशींच्या अंगावर ते ओळखणारी जागा असते. तेथे ते चिकटले की त्या पेशींच्या आत निरोप जातो आणि शेकडो जनुके कामाला लागतात. कोणी विषाणूचा आराखडा कुरतडणारी द्रव्ये तयार करते, तर कोणी पेशीतील प्रथिनांचा कारखानाच काही काळ बंद ठेवते. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारीत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचे काम फक्त वर्दी देण्याचे.

ही वर्दी प्रथम कोणाच्या कानी पडली? एका विषाणूची बाधा झालेल्या प्राण्याला दुसऱ्या विषाणूची बाधा सहसा होत नाही, हे 1930 च्या दशकापासून शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पहिला विषाणू दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो, म्हणून या प्रकाराला त्यांनी 'अडथळा' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले होते. पण आडवे नेमके काय येते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

1956 साली लंडनच्या मिल हिल भागातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत दोन माणसे एकत्र आली. एक अ‍ॅलिक आयझॅक्स. हे 1921 साली ग्लासगो येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. घराण्याचे मूळ लिथुआनियातले. दुसरे झाँ लिंडेनमन, स्वित्झर्लंडहून आलेले तरुण शास्त्रज्ञ. दोघांनाही या अडथळ्याचे कोडे छळत होते. त्यांनी केलेला प्रयोग इतका साधा आहे की तो कोणत्याही गृहिणीला समजावा. कोंबडीच्या उबवत्या अंड्याच्या आतील पातळ पापुद्र्याचे तुकडे घेतले. त्यांवर इन्फ्लुएन्झाचे विषाणू उष्णतेने निकामी करून टाकले आणि काही तास ठेवून दिले. मग ते तुकडे काढून टाकले, आणि उरलेल्या पाण्यात नवे, ताजे तुकडे घातले. या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना! म्हणजे पहिल्या तुकड्यांनी त्या पाण्यात काहीतरी सोडले होते. भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन असे मूलकण असतात, मग जीवशास्त्राला एखादा का असू नये, अशा काहीशा थट्टेने त्या 'काहीतरी'ला इंटरफेरॉन हे नाव मिळाले. 1957 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोध प्रसिद्ध झाला.

त्याच्याही आधी, 1954 साली, टोकियोचे यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी सशांवरील प्रयोगांत असाच एक विषाणूरोधक पदार्थ पाहिला होता आणि फ्रेंच भाषेत तो प्रसिद्धही केला होता. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मोठ्या भाषेत, मोठ्या शहरात, योग्य माणसांच्या कानी पडेल असे बोलले नाही तर खरे बोलणेही वाया जाते. आपल्यापैकी जे येथे ओलीम म्हणून मोडक्या हिब्रूत बोलत उतरले, त्यांना हे निराळे सांगायला नको.

आयझॅक्स यांच्या वाट्यालाही सुख फार आले नाही. पदार्थ इतका थोडा मिळे की तो शुद्ध करून दाखवता येईना, आणि जे शुद्ध दिसत नाही त्यावर शास्त्रज्ञ विश्वास ठेवीत नाहीत. काही जणांनी तर त्याचे नाव वाकवून 'चुकीच्या समजुतीचा कण' अशा अर्थाचे टोपणनाव पाडले. इकडे वर्तमानपत्रे आणि औषध कंपन्या नव्या पेनिसिलिनची वाट पाहत होत्या. आयझॅक्स यांना मनाच्या उदासीनतेचा विकार होता, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला, आणि 1967 च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. आपण शोधलेला पदार्थ शुद्ध रूपात कुपीत भरलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. लिंडेनमन स्वित्झर्लंडला परतले आणि 2015 पर्यंत जगले. नोबेल पारितोषिक दोघांनाही मिळाले नाही.

पुढची अडचण अशी की कोंबडीचे इंटरफेरॉन माणसाच्या उपयोगी पडत नाही. प्रत्येक जातीची बोंब त्या त्या जातीलाच नीट समजते. तेव्हा माणसासाठी औषध हवे तर ते माणसाच्याच पेशींतून काढले पाहिजे. पण माणसाच्या पेशी आणायच्या कोठून?

या प्रश्नाला दोन उत्तरे निघाली. पहिले फिनलंडमध्ये. हेलसिंकीचे कारी कँटेल यांनी तेथील रेडक्रॉसच्या रक्तपेढीशी संधान बांधले. दात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीतरी वेगळ्या निघत. त्या घेऊन, त्यांना एका विषाणूची चाहूल देऊन कँटेल त्यांच्याकडून इंटरफेरॉन तयार करवून घेत. 1970 च्या दशकात जगात माणसांना टोचण्याजोगे जे इंटरफेरॉन होते त्याचा बहुतेक साठा या एका माणसाच्या प्रयोगशाळेतून गेलेला होता. आणि तेसुद्धा शेकडा एक भागाहून कमी शुद्ध! पांढऱ्या पेशींतून निघणाऱ्या या प्रकाराला पुढे अल्फा इंटरफेरॉन म्हणू लागले.

दुसरे उत्तर कातडीतल्या पेशींचे. त्वचेखाली जोडकाम करणाऱ्या ज्या पेशी असतात त्या काचेच्या भांड्यात चांगल्या वाढतात, आणि त्या जे इंटरफेरॉन देतात ते बीटा, म्हणजे आपल्या या जनुकाचे. पेशी जितक्या कोवळ्या तितक्या त्या अधिक वेळा दुणावतात. मग नवजात बालकाच्या कातडीहून कोवळी कातडी कोणती? न्यूयॉर्कमध्ये यान व्हिल्चेक यांनी सुंता झालेल्या बालकांच्या कातडीपासून अशा पेशी वाढवल्या. हे व्हिल्चेक मूळचे ब्रातिस्लाव्हाचे ज्यू. लहानपणी युद्धाच्या काळात लपून वाचलेले, आणि 1964 साली कम्युनिस्ट राजवटीतून निसटलेले. इकडे इस्राएलमध्ये तर असल्या कातडीचा तुटवडा असण्याचे कारणच नव्हते. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत प्राध्यापक मिशेल रेव्हेल यांनी हाच मार्ग धरला.

रेव्हेल यांचा जन्म 1938 साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे झाला. सहा दिवसांच्या युद्धानंतर, 1968 साली, ते सहकुटुंब इस्राएलला आले. म्हणजे आपल्यासारखेच ओले! आठव्या दिवशी मोहेल जी इवलीशी कातडी काढतो आणि रूढीप्रमाणे जी मातीत पुरली जाते, तिच्यातल्या पेशी रेव्हेल यांच्या प्रयोगशाळेत भांड्यांतून वाढू लागल्या आणि बीटा इंटरफेरॉन देऊ लागल्या. अब्राहामाच्या कराराची खूण आणि विषाणूविरुद्धची वर्दी यांची अशी गाठ पडेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. शास्त्रज्ञांना अर्थात यात चमत्कार दिसला नाही. त्यांना स्वच्छ, निरोगी, कोवळ्या पेशी हव्या होत्या आणि त्या मिळाल्या.

पण पेशी वाढवून किती वाढवणार? मिळणारे औषध थेंबांनी मोजावे इतके थोडे, आणि मागणी मात्र आभाळाएवढी. स्टॉकहोममध्ये हान्स स्ट्रान्डर यांनी हाडांच्या कर्करोगाच्या रोग्यांवर कँटेल यांचे इंटरफेरॉन वापरले होते, तेव्हापासून कर्करोगाचे औषध सापडल्याची हवा पसरली होती. अमेरिकेत या कामासाठी सर्वांत अधिक खटपट केली ती मॅथिल्ड क्रिम या बाईंनी. त्या इटलीत जन्मल्या, जिनिव्हात शिकल्या, ज्यू धर्मात आल्या आणि 1950 च्या दशकात काही वर्षे याच वाइझमन संस्थेत काम करून न्यूयॉर्कला गेल्या होत्या. 1978 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने केवळ इंटरफेरॉन विकत घेण्यासाठी वीस लाख डॉलर काढून ठेवले. 1980 च्या मार्चमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर इंटरफेरॉन झळकले.

याच सुमारास खरी क्रांती झाली. भांड्यातल्या पेशींची मनधरणी करीत बसण्यापेक्षा मूळ जनुकच काढून घ्यावे आणि ते जंतूंमध्ये बसवून त्यांच्याकडून काम करवून घ्यावे, ही युक्ती तोवर हाती आली होती. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमन यांनी अल्फाचे जनुक मिळवले, आणि 1980 च्या जानेवारीत ते जाहीर झाले. बीटाच्या जनुकामागे एकाच वेळी तीन तुकड्या लागल्या होत्या: टोकियोत तादात्सुगु तानिगुची, बेल्जियममधील गेंट येथे वॉल्टर फीर्स, आणि रेहोवोतला रेव्हेल. तानिगुची पुढे होते, आणि मागोमाग इतरांच्याही हाती ते जनुक आले.

आता हक्काचा प्रश्न उभा राहिला. जनुकाचे पेटंट कोणाचे? अमेरिकेत हा तिरंगी वाद अनेक वर्षे चालला, आणि 1993 साली तेथील अपील न्यायालयाने निकाल दिला. रेव्हेल यांच्या बाजूने इस्राएलमध्ये अर्ज झाला होता तो 21 नोव्हेंबर 1979 रोजी. जपानचे सुगानो आणि त्यांचे सहकारी यांचा अर्ज 19 मार्च 1980 चा. तारीख पाहिली तर इस्राएलचा अर्ज चार महिने आधीचा! पण न्यायालय म्हणाले की त्या पहिल्या अर्जात जनुक मिळवण्याची रीत आहे, जनुकाची अक्षरे नाहीत. जपानी अर्जात संपूर्ण अक्षरमाला दिलेली होती, म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला. एखाद्या विहिरीची वाट सांगणे वेगळे आणि पोहरा भरून आणणे वेगळे, असा त्या निकालाचा अर्थ मी तरी घेते. पुढे 2013 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात जसेच्या तसे सापडणाऱ्या जनुकावर कोणालाच पेटंट घेता येणार नाही, असे सांगून टाकले.

कागदावरचा हक्क गेला तरी रेहोवोतचे काम थांबले नव्हते. जंतूंमध्ये तयार होणाऱ्या बीटा इंटरफेरॉनमध्ये एक उणीव असते. माणसाच्या शरीरात या प्रथिनाला साखरेची एक साखळी जोडली जाते. जंतूंना ती जोडता येत नाही. रेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुक जंतूंऐवजी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत बसवले. या पेशी साखळी जोडतात, आणि प्रथिन थेट माणसातल्यासारखे निघते. 1984 साली हे काम प्रसिद्ध झाले. सेरोनो या युरोपियन कंपनीने नेस त्सिओना येथे स्थापलेल्या इंटरफार्म या प्रयोगशाळेत त्याचे औषध झाले. तेच 'रेबिफ'. रेव्हेल यांना 1999 साली इस्राएल पुरस्कार देण्यात आला.

पण औषध कशावर? येथे हकीगतीला वळण लागते. कर्करोगावरील आशा बऱ्याच अंशी फोल ठरल्या. अल्फा इंटरफेरॉन काही थोड्या कर्करोगांवर आणि यकृताच्या विषाणूजन्य सुजेवर उपयोगी पडले, पण 'टाइम'च्या मुखपृष्ठाने दाखवलेले स्वप्न खरे झाले नाही. बीटाला काम मिळाले ते भलत्याच ठिकाणी. अमेरिकेतील बफेलो शहरचे लॉरेन्स जेकब्स यांना वाटे की मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला आपण येथे 'तरेशेत नफोत्सा' म्हणतो, त्याच्या मुळाशी एखादा विषाणू असावा. तर मग विषाणूरोधक इंटरफेरॉन देऊन का पाहू नये? 1981 साली त्यांनी दाखवले की ते दिल्यावर रोगाचे झटके कमी येतात. मात्र 1987 साली दुसऱ्या जातीचे, गॅमा नावाचे इंटरफेरॉन देऊन पाहिले तेव्हा रोग्यांचे झटके उलट वाढले! नावात साम्य असून उपयोग नसतो. बीटा विषाणूला अडवून नव्हे, तर स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडणाऱ्या संरक्षक पेशींना आवर घालून गुण देते, असे पुढे दिसून आले.

अमेरिकेत 1993 साली जंतूंपासून केलेले बीटा इंटरफेरॉन मान्य झाले, 1996 साली हॅमस्टरच्या पेशींतून काढलेले दुसरे. रेबिफला युरोपात 1998 मध्ये आणि अमेरिकेत 2002 मध्ये मान्यता मिळाली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नऊ देशांतील 560 रोगी होते. दोन वर्षांत अधिक मात्रा घेणाऱ्यांचे झटके सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. एक तृतीयांश हा आकडा ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरे. परंतु ज्या मुलीला वर्षात तीनदा चालता येईनासे झाले होते, तिचा एक झटका टळला म्हणजे काय, हे वॉर्डात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

मी अठराव्या वर्षी मुंबईहून येथे आले, येथेच परिचर्या शिकले आणि नोकरीची बरीच वर्षे मज्जासंस्थेच्या विभागात काढली. नर्सला हिब्रूत 'अहोत' म्हणतात, म्हणजे बहीण. आपणही 'सिस्टर'च म्हणत आलो, तेव्हा हा शब्द मला कधी परका वाटला नाही. आठवड्यातून तीन वेळा हे इंजेक्शन कातडीखाली घ्यायचे असे. पोट, मांडी, दंड अशी जागा बदलत राहायची आणि औषध थंड ठेवायचे, हे मी कितीतरी जणांना शिकवले. सुरुवातीला इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून ताप येई, अंग मोडून येई. रोगी घाबरत. मी त्यांना सांगत असे की फ्लूमध्ये आपल्याला जे हुडहुडीचे दुखणे येते त्यातला मोठा भाग विषाणूचा नसतोच, तो आपल्याच इंटरफेरॉनचा असतो. आता तेच बाहेरून टोचले आहे, तेव्हा शरीर तसेच बोलणार. झोपताना औषध घ्या आणि जोडीला डॉक्टरांनी सांगितलेली अकामोलची गोळी. कारण समजले की माणूस अर्धा त्रास सोसतो, हा माझा अनुभव आहे.

या वॉर्डात आपल्या समाजातल्या आज्या मला एक प्रश्न हमखास विचारीत. "हा आजार आपल्यात कधी नव्हता. मग पोराला कुठून आला?" आणि आवाज खाली आणून, "सून त्या बाजूची आहे ना, त्यांच्या रक्तातून आला असेल." मिश्र लग्ने आपल्याकडे घरोघरी आहेत. एका निदानापायी दोन कुटुंबांत बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. म्हणून याचे उत्तर येथे छापून ठेवावेसे वाटते.

आज्यांचे पहिले वाक्य बरेचसे खरे होते. हिंदुस्थानात हा आजार युरोपच्या मानाने पुष्कळ कमी. पण दुसरे वाक्य खोटे, आणि ते खोटे ठरवण्यात याच देशाचा मोठा हात आहे. जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येथे आले, म्हणून 1960 च्या दशकात उरी लिबोविट्झ आणि मिल्टन आल्टर यांनी इस्राएलमधील या रोग्यांची पाहणी केली. युरोपातून आलेल्यांत रोग अधिक आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांत कमी, असे त्यांना आढळले. परंतु या दुसऱ्या गटाची जी मुले येथे जन्मली, त्यांच्यात आईबापांचा तो कमीपणा उरला नव्हता. त्यांचे प्रमाण युरोपियनांच्या येथे जन्मलेल्या मुलांच्या जवळ गेले होते. रक्त तेच, माती बदलली. रोगाचा कल वाढवणारी काही जनुके आहेत हे खरे, पण ती एकट्याने रोग आणीत नाहीत, आणि ती कोणा एका समाजाची मिरासही नाहीत.

मग मातीत काय बदलले? 2022 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक कोटी सैनिकांच्या नोंदी तपासून दाखवले की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची बाधा झाल्यावर या रोगाचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला केव्हा ना केव्हा गाठतो, आणि त्यांतल्या फार थोड्यांना हा रोग होतो. दाटीवाटीच्या चाळीत वाढलेल्या मुलाला तो बहुधा लहानपणी, नकळत होऊन जातो. स्वच्छ, मोकळ्या घरात वाढलेल्याला तो पंधरा-वीस वर्षांचा झाल्यावर गाठतो आणि मोठे आजारपण देतो. उशिरा झालेली ही बाधाच अधिक घातक असावी, असे अनेक संशोधकांना वाटते. म्हणजे जेकब्स यांचा विषाणूविषयीचा तर्क अगदीच निराधार नव्हता. सुनेच्या माहेरचा मात्र यात काही दोष नाही.

उपचारांच्या जगात इंटरफेरॉनचे दिवस आता उतरणीला लागले आहेत. वाइझमन संस्थेतच रूथ अर्नोन, मायकेल सेला आणि द्वोरा टायटेलबाउम यांनी शोधलेले कोपॅक्सोन 1996 साली अमेरिकेत मान्य झाले, आणि त्यानंतर अधिक प्रभावी औषधे आली. पण जनुकाची हकीगत संपलेली नाही. रेव्हेल यांच्या प्रयोगशाळेला 1980 साली बीटा इंटरफेरॉन शोधताना त्याच पेशींत आणखी एक संदेश सापडला होता. त्यांनी त्याला 'बीटा-2' म्हटले. पुढे कळले की ते इंटरफेरॉन नसून निराळेच संदेशवाहक प्रथिन आहे, आणि जपानी शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने त्याच्याशी येऊन पोचले होते. आज त्याला इंटरल्यूकिन-6 म्हणतात. 2020-21 च्या कोरोनाच्या साथीत वर्तमानपत्रांतून ज्या 'वादळा'विषयी वाचले, त्यात याचा मोठा हात होता, आणि त्याला अडवणाऱ्या औषधाने अत्यवस्थ रोग्यांपैकी काहींचे प्राण वाचले.

त्याच साथीत खुद्द इंटरफेरॉनचीही परीक्षा झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत इस्पितळात दाखल झालेल्यांना बीटा इंटरफेरॉन देऊन फायदा दिसला नाही. घर पेटून गेल्यावर वर्दी देऊन काय होणार! परंतु 2020 साली आणखी एक गोष्ट उघड झाली. कोरोनाच्या न्यूमोनियाने मरणाच्या दारी गेलेल्या 987 रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा 101 जणांच्या रक्तात त्यांच्या स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी द्रव्ये आढळली. त्यांतील 95 पुरुष होते, आणि निम्मे पासष्टीच्या पुढचे. यांच्या पेशी बोंब ठोकीत होत्या, पण आवाज शेजारी पोचण्याआधीच गळा दाबला जात होता. 1957 साली ज्याच्या अस्तित्वाचीच थट्टा झाली, ते नसले तर माणसाचे काय होते हे त्रेसष्ट वर्षांनी असे मोजून दाखवले गेले.

आयझॅक्स आणि नागानो यांची नावे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या नातवाच्या ब्रीत मिलाला जमाल, तेव्हा मलिदाच्या ताटाभोवती बसलेल्या तरुण मंडळींना ही हकीगत अवश्य सांगा. आणि तुमच्या घरी किंवा शेजारी कोणाला हातापायाला मुंग्या येणे, एका डोळ्याने अंधूक दिसणे, चालताना तोल जाणे असे काही होत असेल, तर नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून घेऊ नका आणि लग्नाच्या वयाच्या मुलीचे म्हणून लपवूही नका. वेळेवर कुपत होलीममध्ये जा. या आजारात लवकर घेतलेल्या औषधाची सर उशिरा घेतलेल्याला येत नाही.

इतके सांगून लेखणी ठेवते. सर्वांना आरोग्य लाभो.